दामूतात्याचे चौदा नमुने

दामूतात्याला आमच्या सगळ्या भागात 'नमुना' म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागं. माती तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत तो शिपाई म्हणून लागला आणि पस्तीस वर्षांनी शिपाई म्हणूनच बाहेर पडला. काम एकच. सायकल हाणत गावोगाव जायचं, रानातली माती काढायची, पिशवीत भरायची, चिठ्ठी बांधायची आणि प्रयोगशाळेत आणून टाकायची. त्या मातीला कागदोपत्री 'नमुना' म्हणतात, आणि चारचौघांपेक्षा वेगळ्या चालीच्या माणसालाही आपण 'नमुना'च म्हणतो. तात्या दोन्हीकडनं त्यात बसला. चालताना बांधावर मध्येच फतकल मारायचा, चिमूटभर माती जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि पचकन थुंकून म्हणायचा, "खारवटलीय."

त्यात आमच्याकडं धरणाचा सर्व्हे सुरू झाला. कुणाच्या जमिनी जाणार, कुणाच्या राहणार, कुणालाच ठाऊक नव्हतं. दामूतात्यानं ज्या रानात खड्डा घेतला ते रान सरकार घेणार, अशी आवई उठली. बिचाऱ्याचा धरणाशी काडीचा संबंध नव्हता. पण त्याची सायकल दिसली की बाया दारं लावायच्या. पोरं झोपेनात तर आया सांगायच्या, नमुना येईल आणि पिशवीत भरून नेईल. मी स्वतः त्या भीतीनं गोधडीत शिरलेला आहे.

तर तात्याची पोरगी मंजूषा. शाळेत तिला 'नमुन्याची मंजी' म्हणत. ती कुणाशी भांडली नाही, रडली नाही, फक्त अभ्यास करत सुटली. पुण्याला गेली, बोली पार धुऊन काढली, इंग्रजीत एम. ए. झाली, सारंग नावाचा कॉम्प्युटरवाला नवरा केला आणि त्याच्या नोकरीच्या मागं हॉलंडात आली. इथल्या विद्यापीठात तिला संशोधनाची जागा मिळाली. घर आल्मेरेत, माझ्या घरापासून तीन गल्ल्यांवर. मी हितं दहा वर्षं काचघरात टोमॅटोच्या वेली बांधतोय, त्यामुळं कामापुरतं डच माझ्या जिभेवर बसलंय. तिचं सगळं इंग्रजीत चालायचं, डच शिकायला तिला सवडच नव्हती.

तिच्या संशोधनाचा विषय ऐकून मी पहिल्यांदा हसलो होतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रजी कादंबऱ्यांतले राक्षस. म्हटलं, ह्याला पगार देतात? तर तिनं गणपतीच्या जेवणावळीत पत्रावळीपुढं बसून मला समजावलं. त्या काळात इंग्रजांच्या मुलखात रेल्वे आली, कारखाने आले, गावातली माणसं शहरात कोंबली गेली, डॉक्टर मढी फाडून बघायला लागले, बाया एकट्या कामाला निघाल्या, जहाजांतून देशोदेशीची माणसं उतरायला लागली. लोकांच्या पोटात गोळा आला. पण गोळा कशाचा ते तोंडानं सांगता येईना. मग लिहिणाऱ्यांनी त्या भीतीला दात लावले, नखं लावली. परक्याची भीती वाटली की रक्त पिणारा पाहुणा आला. डॉक्टरची वाटली की मढ्याचे तुकडे शिवून उठवलेला गडी आला. घरच्या सभ्य माणसाच्या आत काय दडलंय ह्याची वाटली, की एकाच अंगात दोन माणसं राहायला लागली.

"राक्षसाचे दात मोजत बसायचं नाही, काका," ती म्हणाली होती. "तो कुणाच्या दारात उभा केलाय ते बघायचं."

मला ते पटलं. लई पटलं.

दोन हजार सहाच्या मे महिन्यात तात्या आला. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती, घरी भिंतींशी बोलायचा, म्हणून पोरीनं तीन महिन्यांसाठी बोलावून घेतला. मी भेटायला गेलो तर सोफ्याच्या कडेला अवघडून बसलेला, पायांत लोकरीचे मोजे, कपाळावर आठ्या. सारंग कामावर, नात आर्या शाळेत. त्या दिवशी मंजूषानं त्यालाही आपला विषय सांगितला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि विचारलं, "म्हंजी धरनाच्या वक्ताला लोकं मला भ्यायची, तसं?"

मंजूषा उठली. तिनं भांडी उचलली आणि आत गेली. मला वाटलं, तिला हे कधी सुचलंच नसावं. आता वाटतं, सुचलं असणार. म्हणूनच तो विषय घेतला असणार.

तात्याला खरा हिसका बसला तो आल्मेरेची हकिगत कळल्यावर. मीच सांगितली. म्हटलं तात्या, तुम्ही बसलाय ना, हितं पन्नास वर्षांमागं समुद्राचं पाणी होतं. बांध घातला, पाणी उपसलं, तळ उघडा केला आणि त्यावर गाव वसवलं. त्याला आधी थापच वाटली. मग मी त्याला मागच्या कालव्याच्या कडेला नेलं आणि काठीनं जरा उकरून दाखवलं. खाली शिंपले. तात्या मटकन खाली बसला. एक शिंपला तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिला. "आयला," एवढंच म्हणाला. पस्तीस वर्षं माती चाखलेल्या माणसाला समुद्राचा तळ पायाखाली निघाला, म्हणजे काय झालं असेल बघा. त्या दिवसापासनं त्याला सोफा गोड लागेना.

कालव्याच्या पलीकडं भाजीची वाफेवाडी होती. इथं ज्यांना घराला अंगण नाही ते अशा ठिकाणी तुकडा भाड्यानं घेतात, कांदे-बटाटे लावतात, खुर्ची टाकून कॉफी पितात. त्यांचं मंडळ असतं, अध्यक्ष असतो, सगळं रीतसर. तिथल्या चार-पाच तुकड्यांत शेंगांच्या वेली पिवळ्या पडल्या होत्या. तात्याच्या डोळ्याला ते लांबनंच दिसलं. त्यानं सामानातनं खुरपं काढलं. हो, खुरपं आणलं होतं त्यानं, धोतरात गुंडाळून. इकडं जूनमध्ये पहाटे पाचलाच फटफटतं. घरातली झोपलेली असताना तो कालवा ओलांडून जायचा आणि पस्तीस वर्षांच्या शिरस्त्यानं कामाला लागायचा. नागमोडी चालत दहा ठिकाणी इंग्रजी व्हीसारखा खड्डा, वीतभर खोल, कडेची एक पापडी काढायची, सगळी माती फडक्यावर ओतून चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, पुन्हा चार वाटे. शेवटी ओंजळभर उरते ती पिशवीत. आणि अधनंमधनं चिमूट जिभेवर.

आता तुम्हीच डोळ्यापुढं आणा. कोवळं ऊन, धुकं, आणि तुमच्या कोबीत एक काळा म्हातारा उकिडवा बसलाय, हातात वाकडं पातं, तोंडात माती.

एकजण बघून गेला, मग दुसरा. तिसऱ्या दिवशी त्रूस नावाची म्हातारी आली. ती त्या मंडळाची चिटणीस. शेतकऱ्याची पोर, हा मुलूख कोरडा केला तेव्हा बापाबरोबर पहिल्या खेपेला इथं आलेली. ती पळाली नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तात्यानं तिला हातवाऱ्यांनी सगळं सांगितलं, पिशवी दाखवली, फडकं दाखवलं, पिवळी वेल दाखवली. तिला कळलं. शेतातल्या माणसाला शेतातलं कळायला भाषा किती लागते? तिनं पिशवीकडं बोट दाखवून एक शब्द उच्चारला आणि काठीनं मातीत लिहूनही दिला. तात्यानं तो अक्षरं जुळवत पाठ केला. ह्यातलं घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सरकारी माणूस तो. निकाल हातात आल्याशिवाय नमुन्याबद्दल बोलत नाही.

मग मंगळवारी पत्र आलं.

डचमधलं, टाईप केलेलं, मंडळाच्या शिक्क्याचं. मंजूषानं ते इंटरनेटवरच्या भाषांतराच्या यंत्रात घातलं. यंत्रानं जे इंग्रजी काढून दिलं ते तिनं मला नंतर दाखवलं, म्हणून मला ठाऊक. अर्धी वाक्यं यंत्रानं तशीच डचमध्ये सोडली होती. बाकीचं मराठीत असं होतं: तुमच्या वडिलांनी आमच्या जमिनीत मॉन्स्टर घेतले आहेत. काही सभासद घाबरले आहेत. मॉन्स्टरविषयी आम्हाला कळायला हवे. शनिवारी दहा वाजता वडिलांना घेऊन यावे.

मूळ पत्रात तोच शब्द, त्याच स्पेलिंगचा. दोन वेळा.

 चार वर्षं जो शब्द तिनं दीडशे वर्षांमागच्या पुस्तकांत शोधला, तो बापाच्या नावापुढं टाईप होऊन घरात आला. वाक्य नीट लागत नव्हतं, 'घेतले' म्हणजे काय हेही कळत नव्हतं, पण तो यंत्राचा लंगडेपणा असं तिनं धरून चाललं. शब्द तर खणखणीत होता. आणि हवाही तशीच होती त्या वर्षांत. बाहेरच्या माणसांविषयी टीव्हीवर रोज काहीबाही चालायचं, परीक्षा घ्या, भाषा घ्या, ह्यांना आणू नका, त्यांना हाकला.

विद्यापीठात कुणाला पत्र दाखवायचं तर बाप दाखवावा लागणार. आर्या सात वर्षांची, डच शाळेतली, तिनं दोन मिनिटांत उकल केली असती. पण आजोबाला असलं म्हटलेलं नातीला कसं वाचायला द्यायचं? आणि मला का नाही दाखवलं? तर मी आमच्या भागातला. माझ्या तोंडनं फोनवर गावाकडं गेलं असतं, नमुना हॉलंडातही नमुनाच ठरला म्हणून. हे तिनंच मला सांगितलं, मान खाली घालून.

सारंगनं सल्ला दिला की सरळ नगरपालिकेत तक्रार करू. तिनं तसं नाही केलं. तिनं बुधवारी इंग्रजीत दोन पानी पत्र लिहिलं, पत्राखाली सही-पत्ता होता त्या त्रूसच्या नावानं, आणि जाऊन तिच्या दाराच्या फटीतनं आत सरकवलं. त्यात राणीच्या काळापासनं सगळं काढलं होतं. जहाजातनं उतरणाऱ्या माणसाला तुम्ही तेव्हाही राक्षस केलंत, आताही करता, असं. पत्र जबर होतं. मी वाचलंय.

पण दुसरं जे केलं ते ऐकून मी हबकलो. तिनं तात्याचं तिकीट अलीकडं आणलं. ह्याच रविवारचं. त्याला सांगितलं की व्हिसाचा घोळ झालाय. खुरपं उचललं आणि चपलांच्या कपाटात पार मागं, बुटांच्या खोक्याआड दडवलं. मागच्या दाराची किल्ली आपल्या पर्समध्ये ठेवली. आणि पुढच्या खोलीचा पडदा, इथं डच लोक कधी ओढत नाहीत तो, दिवसाढवळ्या ओढून घेतला, कुणाला बाप दिसू नये म्हणून.

तात्यानं अडकित्ता काढला. पडद्याआडच्या अंधारात तीन दिवस सुपारी कातरत बसून राहिला.

शुक्रवारी दुपारी तिनं त्याची बॅग भरायला घेतली. धोतरं काढली, स्वेटर काढला, आणि कप्प्याच्या तळाशी वर्तमानपत्राच्या घड्या लागल्या. उलगडून बघते तर सावलीत वाळवलेली माती, लहान लहान पिशव्यांत भरलेली. चौदा पिशव्या. प्रत्येकीला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली. चिठ्ठीवर तात्याच्या त्याच शाळकरी ठळक अक्षरात, इंग्रजी लिपीत: मॉन्स्टर एक. मॉन्स्टर दोन. मॉन्स्टर तीन. पार चौदापर्यंत, खाली तारीख.

 तिला वाटलं, बापानं पत्र बघितलं. बघितलं आणि डोक्यावर परिणाम झाला. माणूस स्वतःचं नाव पिशव्यांवर लिहीत सुटलाय.

"तात्या," ती म्हणाली, "हे काय लिहिलंय?"

"नमुना," तात्या म्हणाला. "नमुना एक, नमुना दोन. ती म्हातारी म्हनली, हितं नमुन्याला मॉन्स्टर म्हंत्यात. म्या म्हटलं, सायबांच्या भाषेत तर राकिस ना? पन तिनं लिवून दावलं. आसंल त्यांचं, आपल्याला काय."

मंजूषा धावत माझ्या घरी आली. पायात घरातल्या सपाता, एका हातात ते पत्र, दुसऱ्यात माती गळणारी पिशवी. दारातच विचारलं, "काका, डचमध्ये मॉन्स्टर म्हणजे काय?"

म्हटलं, राक्षस. आणि नमुनाही. आमच्या काचघरात रोज पाण्याचा मॉन्स्टर घेतात. दवाखान्यात गेलीस तर बाटली देऊन लघवीचा मॉन्स्टर मागतात. पहिल्यांदा मलाच मागितला तेव्हा मी डॉक्टरकडं बघतच राहिलो होतो.

ती हसेल असं मला वाटलं. ती पायरीवर बसली. मी पत्र वाचलं. अगदी सभ्य पत्र होतं. तुमच्या वडिलांनी आमच्या जागेतल्या मातीचे नमुने घेतले आहेत. पहाटे अनोळखी माणूस बघून काही सभासद दचकले, तेव्हा इथून पुढे आधी सांगावे. पण आमच्या वेली तीन वर्षं पिवळ्या पडताहेत, नमुन्यांतून काय निघाले ते आम्हाला समजले तर बरे होईल. शनिवारी दहाला कॉफी आहे, त्यांना घेऊन यावे. बस.

एवढं शिकलेलं माणूस मी दुसरं बघितलेलं नाही. आणि एवढं चुकलेलंही.

शनिवारी आम्ही तिघं गेलो. वाफेवाडीच्या लाकडी खोपटात वीसेक डच माणसं खुर्च्यांवर बसलेली. मधल्या टेबलावर कॉफी, आणि त्रूसच्या पुढ्यात मंजूषाची दोन पानं. म्हातारीचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं ते पत्र शब्दकोश घेऊन दोन दिवस वाचलं होतं. ती मला म्हणाली, ह्यांना विचार, मी कधी कुणाला असं म्हटलं? एकानं पोलिसांना बोलवू या म्हटलं होतं, हे खरं आहे, तो तिथं बसलाय, पण मीच त्याला गप केलं. कोपऱ्यातला एक लांबडा गडी बुटांकडं बघायला लागला. मॉन्स्टर शब्दाचा घोळ मी त्यांना डचमध्ये सांगितला.

तात्यानं टेबलावर चौदा पिशव्या ओळीनं मांडल्या. मग त्यानं त्या दोन पानांकडं बोट केलं. "ह्ये काय?"

मंजूषानं ती पानं आपल्याकडं ओढली.

"मंजे, तुजं अक्षर हाय ह्ये. वाच."

ती म्हणाली, घरी सांगते. तो म्हणाला, हितंच वाच. मग तिनं वाचलं, इंग्रजीतलं मराठीत करत. त्या वीस माणसांना मराठी कळत नव्हतं, पण कॉफी कुणी उचलली नाही. वाचता वाचता पुण्याची मराठी सुटली आणि कधी आमची बोली आली, तिचं तिलाच कळलं नसावं. माजा बाप राकिस न्हाई, असं शेवटी आलं.

तात्या ऐकत होता. वाचून झाल्यावर म्हणाला, "ह्यास्नी लिवलंस, त्ये ब्येस केलंस. पन त्यांनी तर म्हटलंच नव्हतं. आनि तुला वाटलं म्हटलं, तवा तू दार लावलंस. पडदा वढलास. धरनाच्या वक्ताला बाया लावायच्या, तसं."

मला त्रूसनं विचारलं, काय म्हणतोय तो? मी सांगितलं, निकाल सांगतोय.

आणि त्यानं खरंच निकाल सांगितला. लगेच, त्याच आवाजात. प्रत्येक पिशवीतली चिमूट बशीत काढून वर व्हिनेगर टाकलं. माती फसफसली. शिंपल्यांचा चुना, पण वेली त्यानं पिवळ्या नाहीत. मीठ धुऊन गेलंय, जिभेला लागत नाही. एवढं मी डचमध्ये सांगितलं तेव्हा दोन-तीन बायांनी तोंडावर हात ठेवले. खोट पाण्याच्या निचऱ्यात आहे. रस्ता करताना यंत्रं फिरली, वीतभर खाली माती दाबून फरशीसारखी झाली, मुळाशी पाणी तुंबतं, मूळ कुजतं. पाच नंबरपासनं नऊपर्यंतच्या तुकड्यांत. गुडघाभर चर काढा, कालव्याकडं उतार द्या. त्रूस सगळं वहीत लिहून घेत होती. लांबड्या गड्याचा तुकडा सात नंबरचा निघाला. त्यानंच पहिली पहार आणली.

तात्यानं राहावं म्हणून म्हातारीनं मला तीनदा विचारायला लावलं. मंजूषा म्हणाली, तिकीट पुन्हा बदलू, व्हिसाला काही झालेलं नाही.

"ठावं हाय मला," तात्या म्हणाला. "व्हिसा म्या वाचलाय. तारीख इंग्रजीतच आस्ती." म्हणजे पडद्याआड बसला तेव्हाही त्याला ठाऊक होतं. हे ऐकून मला जो धक्का बसला तो अजून उतरलेला नाही. "नमुना घेतला, निकाल दिला. आता हितं बसून काय करू?"

रविवारी त्याला विमानतळावर सोडायला मी गाडी घेऊन गेलो. पडदा बाजूला सारलेला होता. आर्या पायऱ्यांवर बसून आजोबाशी डचमध्ये बोलत होती, तो तिला आमच्या बोलीत उत्तरं देत होता, दोघांचं बरं चाललं होतं. मंजूषानं चपलांचं कपाट उघडलं, खोक्याआडनं खुरपं काढलं, पदरासारखं ओढणीनं पुसलं आणि बॅगेत घालायला त्याच्यापुढं धरलं.

तात्यानं घेतलं नाही. पायात चपला सरकवल्या.

"ऱ्हाऊ दे तुज्याकडं," तो म्हणाला. "दडवायची जागा तुला ठावं हाय."

जुलैभर ती विद्यापीठातनं आली की कालव्यापलीकडं जायची. पाच ते नऊ नंबरचे चर तिनं, त्रूसनं आणि त्या लांबड्यानं मिळून काढले. खुरपं आता वाफेवाडीच्या खोपटात खिळ्याला टांगलेलं असतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. तात्याला मी फोनवर हे सांगितलं. त्यानं विचारलं, उतार कालव्याकडं दिला का?